गावचं हायस्कूल : पाचवी ते दहावी काय मिळतं आणि कधी मागायचं? भोर-वेल्ह्याच्या पालकांसाठी सविस्तर माहिती

भोर : जून उजाडला, पहिला पाऊस झाला की आपल्याकडं दोन कामं एकदमच सुरू होतात. एक भाताचं रोप टाकायचं आणि दुसरं पोरांच्या शाळेचं. चौथीपर्यंत गावातली जिल्हा परिषदेची शाळा असते. पुढं मात्र वेळवंड, महुडे, हिर्डोशी, वीसगाव, भुतोंडे खोऱ्यातली किंवा वेल्ह्याच्या अठरागाव मावळातली पोरं एसटीनं, जीपनं, नाहीतर पायी मोठ्या गावच्या हायस्कूलला जातात.

हायस्कूल म्हणजे नुसती दहावीची परीक्षा, असं आपण धरून चालतो. पण या पाच-सहा वर्षांत शाळेतून पोराला बरंच काही मिळू शकतं. फुकट पास, वर्षाला १२ हजारांची शिष्यवृत्ती, खेळाचे गुण, चित्रकलेचे गुण. अट एकच. वेळेत माहीत पाहिजे आणि वेळेत कागद दिला पाहिजे. शहरातल्या पालकाला हे क्लासवाला सांगतो. आपल्याला कोण सांगणार? म्हणून ही माहिती एका जागी दिली आहे.

हायस्कूल आपल्यापर्यंत आलं कसं?

आज भोर आणि वेल्हे हे दोन तालुके आहेत. वेल्हे तालुक्याला आता राजगड नाव मिळालंय, पण बोलताना आपण अजून वेल्हेच म्हणतो. हा बहुतेक मुलूख पूर्वी पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. ८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. भोरच्या राजा रघुनाथराव विद्यालयाच्या नावात तो काळ अजून आहे. त्या वेळी इंग्रजी शाळा म्हणजे राजधानीच्या गावात. डोंगरातल्या शेतकऱ्याच्या पोरासाठी ती लांबच.

खेड्यात हायस्कूल पोचवण्याचं मोठं काम शेजारच्या सातारा जिल्ह्यातून सुरू झालं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथं सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला जेवायची. बोर्डिंगवर पैशाची वेळ आली तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने दिले, हे आपल्याकडं म्हाताऱ्या माणसांनाही माहीत आहे. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं. फी नाही, राहायची सोय तिथंच आणि पोरांनी काम करून शिकायचं. 'कमवा आणि शिका' ती हीच. गांधीजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी त्यांच्या नावानं १०१ हायस्कूल काढायचा संकल्प केला. १९५९ ला ते गेले तेव्हा संस्थेच्या माध्यमिक शाळा शंभराच्या वर गेल्या होत्या.

आपल्या जिल्ह्यात १९४१ ला पुणे जिल्हा शिक्षण मंडळ उभं राहिलं. पुढं भोर-वेल्ह्यात राजगड ज्ञानपीठासारख्या संस्था आल्या. यातल्या बऱ्याच गावच्या शाळा आधी देवळात, चावडीत, कुणाच्या तरी पडवीत भरल्या. कुणी जागा दिली, कुणी श्रमदान केलं. म्हणून गावचं हायस्कूल संस्थेचं असलं तरी गावाचंही असतं. ही गोष्ट पुढं पटाच्या मुद्द्याला कामाला येईल.

अभ्यास : कुठल्या इयत्तेत काय बघायचं?

*पाचवी आणि आठवी :* पूर्वी आठवीपर्यंत कुणाला नापास करत नव्हते. २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा पास होणं गरजेचं झालंय. राहिला तर पुन्हा परीक्षेची एक संधी मिळते. त्यातही राहिला तर त्याच वर्गात बसावं लागतं. "आठवीपर्यंत ढकलतातच की" हे आता विसरा.

*शिष्यवृत्ती परीक्षा :* ही राज्य परीक्षा परिषद घेते. इयत्ता अधूनमधून बदलते. चौथी-सातवी होती, मग पाचवी-आठवी झाली. यंदा कुठली, हे जूनमध्येच गुरुजींना विचारून घ्या.

*एनएमएमएस :* ही आठवीतल्या पोरांसाठी आणि आपल्या भागासाठी सगळ्यात कामाची. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे आणि पोरगं सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत पाहिजे. सातवीला ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीला ५० टक्के. एक पेपर बुद्धिमत्तेचा, एक विषयांचा, दोन्हीला ९० प्रश्न. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये खात्यात येतात. चार वर्षांचे ४८ हजार. खर्चिक इंग्रजी शाळेतल्या पोराला ही परीक्षा देता येत नाही, ही संधी आपल्याच पोरांची आहे.

*दहावी :* सहा विषय, प्रत्येकी १०० गुण. भाषेला ८० लेखी आणि २० तोंडी-अंतर्गत. विज्ञानाला ८० लेखी, २० प्रात्यक्षिक. गणिताचे ४०-४० चे दोन पेपर आणि २० अंतर्गत. इतिहास-भूगोलाचंही तसंच. पास व्हायला ३५. टक्केवारी काढताना सहापैकी चांगले पाच विषय धरतात, म्हणजे ५०० पैकी.

यातले अंतर्गत २० गुण वर्षभर वर्गात बसूनच मिळतात. आणि ७५ टक्के हजेरी लागते. आवणीत पंधरा दिवस, काढणी-झोडणीत पंधरा दिवस, जत्रेला चार दिवस असं करत पोरगं घरी ठेवलं की नुकसान तिथंच होतं. मी पण शेतकरी आहे, आवणीला माणूस मिळत नाही हे मला सांगायला नको. पण दहावीच्या वर्षाला तरी पोरं चिखलात उतरवायची तर रविवारीच उतरवावीत.

एक-दोन विषय राहिले तर जुलैच्या आसपास पुरवणी परीक्षा असते. दोन विषयांपर्यंत राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला जाता येतं. ज्यांची शाळाच सुटली, त्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते. लग्न झालेल्या कितीतरी पोरी या फॉर्मवर पास झाल्यात. अकरावीचा प्रवेश २०२५ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झालाय. भोरच्या कॉलेजात जायचं असलं तरी अर्ज ऑनलाइनच.

हक्काच्या सवलती

- जेवण : आठवीपर्यंत शाळेत पोषण आहार.
- पुस्तकं : आठवीपर्यंत मोफत.
- फी : सरकारी आणि अनुदानित शाळेत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ.
- एसटी : ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवी ते बारावी अहिल्यादेवी होळकर योजनेतून पास फुकट. मुलांना तिकिटाचा एक तृतीयांश खर्च. २०२४ पासून पास शाळेतच द्यायची पद्धत सुरू झालीय, त्यामुळं आधी शाळेत विचारा.
- चित्रकला : एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा. इंटरमिजिएटला ए श्रेणी आली तर दहावीला ७, बी ला ५, सी ला ३ गुण जादा. पाऊस उघडायच्या सुमारास ही परीक्षा असते.

पास फुकट असला तरी गाडी वेळेवर पाहिजे. शाळा सुटते पाचला आणि खोऱ्यातली गाडी असते कधी साडेतीनला, कधी सातला. आठवीनंतर पोरीची शाळा सुटते त्यात निम्मं कारण हेच असतं, कारण अंधारात पायवाटेनं पोरगी पाठवायची कशी? याला एकट्यानं जाऊन उपयोग होत नाही. ग्रामसभेचा ठराव, शाळेचं पत्र आणि पोरांची गावनिहाय यादी, हे तीन कागद घेऊन आगारात गेलं तर निदान दखल घेतात.

वर्षभराच्या परंपरा

आपल्या हायस्कूलचं वर्ष ठराविक वळणानं जातं. आषाढी आली की डोक्यावर तुळस, हातात टाळ घेऊन बारक्या पोरांची दिंडी गावातून निघते. त्याच महिन्यात वृक्षदिंडी आणि झाडं लावणं. १५ ऑगस्टला पहाटे प्रभातफेरी, लेझीम, ढोल. ५ सप्टेंबरला पोरंच शिक्षक होतात. दहावीतली पोरगी साडी नेसून पाचवीला गणित शिकवते, शिपायापासून मुख्याध्यापकापर्यंत सगळी कामं त्या दिवशी पोरांकडं. २२ सप्टेंबर म्हणजे कर्मवीर जयंती, रयतच्या शाळांत तो मोठा दिवस.

७ नोव्हेंबर हा राज्यात विद्यार्थी दिन. १९०० साली त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं. आजचं ते प्रतापसिंह हायस्कूल. आपल्यापासून दोन तासांवर आहे, सहल काढायची तर ही जागा दाखवावी अशी आहे. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, मग स्नेहसंमेलन, १९ फेब्रुवारीला शिवजयंती, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि शेवटी दहावीचा निरोप समारंभ. निरोपाला बोलायला उभं राहिलेलं पोरगं रडलं नाही असं होत नाही.

सहलीचं म्हणाल तर आपल्याएवढी नशीबवान पोरं महाराष्ट्रात नाहीत. लांबलांबून लोक पैसे खर्चून तोरणा, राजगड बघायला येतात, आपल्या पोरांना ते वर्गाच्या खिडकीतून दिसतात. तोरणा १,४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच गड. राजगडावरून शिवरायांनी पाव शतक राज्याचा कारभार केला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात राजगड आहे. भोरकरांना रोहिडा आणि रायरेश्वर जवळ. इतिहासाच्या पुस्तकात वाचलेला धडा दुपारच्या जेवणाआधी पायाखाली येतो. गडावर जाऊन नुसते फोटो काढण्यापेक्षा प्लास्टिक गोळा करणं, टाक्यांची नोंद करणं असं काम शाळांनी दिलं तर गडाचं आणि पोरांचं दोघांचंही भलं होईल.

या परंपरांना काही पालक "अभ्यास सोडून नाच" म्हणतात. पण वाडीवरून आलेलं, पाचवीत तोंड न उघडणारं पोरगं दहावीत माईक धरून बोलतं, ते याच दिवसांमुळं. पुढं मुलाखतीला तेच उपयोगी पडतं.

मैदान : मुरमाचं असलं तरी चालतं

आपल्या शाळांकडं सिंथेटिक ट्रॅक नाहीत. मुरमाचं मैदान, फक्कीनं मारलेल्या रेघा आणि पावसाळ्यात सगळीकडं पाणी. तरी खो-खो आणि कबड्डीला याहून जास्त लागतही नाही.

खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर. दोन टोकाला दोन खांब. नऊ जण पाठलाग करणारे, आठ बसलेले आणि एक पळणारा. खर्च खांबांचा आणि फक्कीचा. या खेळाचे नियम पहिल्यांदा पुण्यात डेक्कन जिमखान्यावर १९१४ साली बसवले गेले, म्हणजे खेळ आपल्याच जिल्ह्यातला. जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. मुलं आणि मुली दोन्ही गटांत अंतिम सामन्यात नेपाळला हरवून भारत जिंकला. मुलींची कर्णधार प्रियंका इंगळे आणि मुलांचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे खेळाडू.

पळण्याचं तर बघायलाच नको. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर आधी खो-खो खेळायची, मग पळायला लागली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी रोज काही किलोमीटर अंतर कापून शाळेत जायचा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो याच शर्यतीच्या अंतिम फेरीत होता. त्याआधीचा दाखला म्हणजे खाशाबा जाधव. कराडजवळचं गोळेश्वर हे गाव आणि कराडचं टिळक हायस्कूल ही शाळा. १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता राज्य क्रीडा दिन आहे.

ही तिन्ही माणसं आपल्यासारख्याच गावातली. आपल्या डोंगरातली पोरं रोज चढ-उताराची वाट चालून शाळेला येतात. दम तयारच असतो. कमी पडतो तो बूट, खुराक आणि पुढं कसं जायचं ही माहिती.

पुढं जायची पायरी

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटात होतात. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, राज्य आणि शेवटी राष्ट्रीय. तालुक्याच्या स्पर्धा भर पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास असतात. भोरचा किंवा वेल्ह्याचा संघ जिल्ह्याला गेला की बारामती, इंदापूर, जुन्नरच्या संघांशी गाठ. विभागात पुणे शहर, पिंपरी-चिंचवड, सोलापूर, अहिल्यानगर येतात. तिथं पोरं बुजतात, कारण मॅटवर खेळायची सवय नसते. म्हणून जमेल त्या शाळेनं वर्षातून एकदा तरी पोरांना मॅटवर सराव करायला न्यावं.

आता महत्त्वाचं. मान्यताप्राप्त खेळात जिल्हा, विभाग, राज्य किंवा त्यावर कामगिरी केलेल्या पोराला दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. पातळीप्रमाणे गुण वाढतात आणि जास्तीत जास्त २५ मिळू शकतात. ५०० पैकी २५ म्हणजे थेट पाच टक्के. नुसतं तालुक्याला खेळून गुण मिळत नाहीत, पायरी जिल्ह्यापासून सुरू होते. पुढं राज्य-राष्ट्रीय पातळीवर गेलेल्याला सरकारी नोकरीत पाच टक्के खेळाडू आरक्षणही आहे.

पण हे गुण आपोआप लागत नाहीत. शाळेकडून प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडं जातो, तिथून मंडळाकडं. सोबत स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं. तारीख गेली की गुण गेले.

आमच्या भावकीतल्या एका पोरीचं असंच झालं. खो-खोत विभागापर्यंत खेळली होती. प्रमाणपत्र घरात फ्रेम करून भिंतीवर लावलेलं. आल्यागेल्याला सगळे दाखवत होतो. पण त्याची झेरॉक्स शाळेत द्यायची, हे घरात कुणाला माहीत नव्हतं आणि शाळेतून कुणी मागितली नाही. निकाल लागला आणि हव्या त्या कॉलेजची यादी थोडक्यात हुकली. मग कळलं. दोष कुणाला देणार? पोरगी एवढंच म्हणाली, "नाना, तुम्ही पेपरात लिहिता ना?" त्या दिवसापासून ही माहिती लिहायची राहिली होती.

पट आणि आपली शाळा

अनुदानित शाळेत शिक्षक किती द्यायचे हे पोरांच्या संख्येवर ठरतं. त्याला संचमान्यता म्हणतात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली असलेल्या शाळांत शिक्षकांची पदं जाणार, यावरून राज्यभर शिक्षक संघटनांनी आवाज उठवला. डोंगरी भागाला हा फटका जास्त. वाड्या लहान, धरणाच्या पाण्यानं गावं पांगलेली, कमावती माणसं पुण्यात. पट कमी झाला की गणिताचा शिक्षक जातो, मग खेळाचा आणि चित्रकलेचा. मग जो राहिलाय तो पालकही पोरगं काढतो.

आपण काय करू शकतो? एक, नाव गावच्या शाळेत आणि पोरगं क्लासला शहरात, असं अर्धं काम करू नये. दोन, पालक सभेला जावं. तीन, गावातून बाहेर जाऊन मोठे झालेले माजी विद्यार्थी गोळा करावेत. खो-खोचे खांब, वीस जोडी बूट, प्रयोगशाळेचं साहित्य, एवढं तरी एखादी बॅच सहज देऊ शकते. आपल्या आज्या-आजोबांनी हातात पैसा नसताना शाळेच्या भिंती उभ्या केल्या.

मोबाइलमध्ये जपून ठेवा : वर्षाचं वेळापत्रक

*(नेमक्या तारखा दरवर्षी बदलतात, शाळेत खात्री करा.)*

- जून : प्रवेश, एसटी पास, उत्पन्नाच्या दाखल्याची तयारी. आधार आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव, जन्मतारीख एकच आहे का बघा.
- जुलै-ऑगस्ट : एनएमएमएस आणि शिष्यवृत्तीच्या फॉर्मची चौकशी. खेळाडूंची नावं शाळेत द्या.
- ऑगस्ट-ऑक्टोबर : तालुका आणि जिल्हा स्पर्धा, चित्रकला ग्रेड परीक्षा.
- ऑक्टोबर-नोव्हेंबर : दहावीचा फॉर्म. नावात दुरुस्ती असेल तर त्याच्या आधीच करा, दाखला निघाल्यावर फार हेलपाटे पडतात.
- डिसेंबर : एनएमएमएस परीक्षा, सहली, स्नेहसंमेलनाची तयारी.
- जानेवारी : दहावीची सराव परीक्षा. खेळाचं आणि चित्रकलेचं प्रमाणपत्र झेरॉक्ससह शाळेत द्या आणि प्रस्ताव गेला का हे स्वतः विचारा.
- फेब्रुवारी-मार्च : तोंडी, प्रात्यक्षिक आणि दहावीची लेखी परीक्षा.
- मे-जून : निकाल, अकरावीचा ऑनलाइन अर्ज. जातीचा दाखला हाताशी ठेवा.

प्रमाणपत्र भिंतीवर जरूर लावा. पण लावायच्या आधी त्याची झेरॉक्स काढून शाळेत द्या. शेजारच्या वाडीवर एखादं पोरगं यंदा दहावीला असेल तर त्याच्या घरीही हे वाचून दाखवा.